परतीच्या चढाचा गिअर

बेळगाव मधोमध धरून नकाशावर शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर सायकल चालवणाऱ्याला आयुष्यात लागतील ते बहुतेक सगळे रस्ते त्यात सापडतात. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडचं काळ्या मातीचं उघडं माळरान आहे. उत्तरेला निपाणी गाठली की अक्कोळ, गळतगा, बेडकिहाळ, सदलगा असा कृष्णेच्या खोऱ्यातला उसाचा सपाट मुलूख सुरू होतो. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीचं जंगल, चंदगडचे डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे जमीन एकदम तुटून कोकणात आणि गोव्यात उतरते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पन्नास-साठ किलोमीटर पश्चिमेला गेलात की ही सगळी उंची काही वळणांत संपते.

या मुलखात कोणता गिअर घ्यावा, याचं उत्तर बाहेरून आणून चालत नाही, हे मला या पुस्तिकेत सांगायचं आहे. गेल्या काही वर्षांत बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या सगळ्या गावांत हौसेने सायकल चालवणारी मंडळी वाढली. डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, उद्यमबागेतले कारखानदार आणि कामगार आहेत, कॉलेजची मुलं-मुली आहेत. चांगल्या, महागड्या सायकली आल्या. पण सायकल निवडताना डोळ्यांसमोर असतात ते परदेशी शर्यतींतले पट्टीचे सायकलपटू, नाहीतर पुण्या-बंगळूरच्या दुकानदाराने सांगितलेलं मॉडेल. मग एक दिवस घाट समोर येतो आणि पन्नास हजारांची सायकल हातात धरून माणूस चालू लागतो. त्याला वाटतं, आपली ताकद कमी पडली. बहुतेक वेळा ताकद पुरेशी असते. मागच्या चाकावर चार-सहा दात कमी पडलेले असतात.

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती गिअरची आहे?’ हा. या आकड्याने जवळजवळ काहीच कळत नाही. पुढे तीन चक्रं आणि मागे सात असली की एकवीस गिअर असं छापलेलं असतं. पण त्यातले अनेक एकमेकांइतकेच हलके-जड असतात, आणि चेन फार तिरपी होते म्हणून काही वापरायचेच नसतात. खरोखर वेगळे असे दहा-बारा हाती लागतात. विचारायचं ते हे: यातला सर्वांत हलका गिअर किती हलका आहे? सर्वांत जड गिअर कमी पडला, तर उतारावर पायडल मारायचं थांबायचं, एवढंच. हलका कमी पडला तर खाली उतरावं लागतं.

सीमाभागाचं सायकलशी नातं नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हा बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा सायकलींचं दुकान पाहत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्या दुकानाचं, आणि किर्लोस्कर समूह आपला आरंभ तिथूनच, १८८८ सालापासून मोजतो. पुढे बेळगावातच लोखंडी नांगर तयार झाला, १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि सायकली मागे पडल्या. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे. त्या काळात सायकलच मुळी नव्याने घडत होती, हे ध्यानात घ्यायला हवं. साखळीने मागचं चाक फिरवणारी, दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली ‘रोव्हर’ इंग्लंडमध्ये १८८५ साली आली. डनलपचं हवेचं टायर १८८८ चं. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट चाकालाच जोडलेलं असे. जड गिअर हवा तर चाक मोठं घ्यायचं, आणि ते किती मोठं हे चालवणाऱ्याच्या पायांच्या लांबीवर ठरायचं. साखळी आली आणि चाकाचा आकार गिअरपासून सुटा झाला. गिअर इंचांत मोजायची पद्धत अजून चालते ती त्या उंच चाकाची आठवण आहे. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा व्यास. आपल्याकडच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दात, मागे १८ दात आणि २८ इंची चाक असेल, तर हिशेब येतो ६८ इंचांचा. म्हणजे जवळपास पावणेसहा फूट व्यासाच्या चाकावर बसण्यासारखं ते आहे.

ही काळी सायकल आपल्या तीन-चार पिढ्यांनी चालवली. हर्क्युलस १९४९ नंतर मद्रासमध्ये बनू लागली, ॲटलस १९५१ पासून सोनीपतला, हीरो १९५६ पासून लुधियानाला. आणि त्या सगळ्या एकाच घाटणीच्या होत्या. एक गिअर, भक्कम कॅरिअर, वीस-बावीस किलो वजन. सपाटीवरचा एकटा माणूस डोळ्यांसमोर ठेवून तो एक गिअर ठरलेला होता. तिच्यावर ओझी मात्र चढली दुधाच्या कॅनची, भाजीच्या पाट्यांची, गवताच्या भाऱ्यांची. कडोली, येळ्ळूर, उचगाव या बाजूंनी बेळगावात येणारा दूधवाला डोळ्यांसमोर आणा. माणूस साठ किलोचा, सायकल बावीस, दूध आणि कॅन मिळून अठ्ठेचाळीस. एकूण एकशे तीस किलो. रस्त्याला सहा टक्के चढ आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर.

इथे पुस्तिकेतलं सगळं पदार्थविज्ञान एका वाक्यात येतं. पायडलच्या एका फेरीत पाय वर्तुळावर साधारण एक मीटर फिरतो. तेवढ्या वेळात सायकल जितके मीटर पुढे जाते, तितक्या पटीने पायाला जोर जास्त लागतो. ४४ आणि १८ दातांच्या काळ्या सायकलीला तो आकडा जवळपास साडेपाच मीटर. दूधवाल्याची सायकल त्या चढावर नुसती सरकत ठेवायला चाकाला साधारण नऊ किलोचा जोर हवा. पायाला त्याच्या पाचपट, म्हणजे सरासरी पंचेचाळीस किलोच्या वर. पण पाय सगळ्या फेरीत सारखा दाबत नाही. वरच्या आणि खालच्या टोकाला जोर लागत नाही, म्हणून मधल्या भागात सत्तर किलोच्या पुढे लागतो. माणूस साठ किलोचा आहे. तो पायडलवर पूर्ण उभा राहिला तरी भागत नाही. हँडल ओढून अंगचं बळ घालावं लागतं. म्हणून तो उतरतो आणि सायकल ढकलत वर नेतो. वर्षानुवर्षं आपण हे पाहिलं आणि चढ आहे म्हणून उतरला असं म्हटलं. तो गिअरमुळे उतरत होता.

या माणसासाठी उपाय स्वस्त आहे आणि तो फार कमी लोकांना सांगितला जातो. मागचं १८ दातांचं फ्रीव्हील काढून २२ दातांचं बसवायचं. चेनला कडी जोडावी लागेल, चाक थोडं पुढे-मागे सरकवावं लागेल; कोणत्याही गावच्या सायकल मिस्त्रीचं हे अर्ध्या तासाचं काम आहे. चढावरचा जोर अठरा टक्क्यांनी कमी होतो. त्याच्या बदल्यात सपाटीवरचा वेगही तेवढ्याच प्रमाणात उतरतो, पण भरल्या कॅनांनी वेगात जायचं कोणाला असतं? कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. खानापूर तालुक्यातल्या किती मुली त्या सायकलींमुळे हायस्कूलपर्यंत पोचल्या, हे तिथल्या शिक्षकांना विचारावं. त्या सायकलीही एकाच गिअरच्या. तेरा वर्षांच्या मुलीचे पाय आणि मोठ्या माणसाचे पाय यांना एकच गिअर लावणं हे योग्य नव्हे. अशा सायकली अजून घराघरांत आहेत, आणि धाकटी भावंडं त्या चालवतात. पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं फ्रीव्हील बदलून दिलं तरी चढाच्या गावातल्या मुलांचे गुडघे त्यांना दुवा देतील. एका गिअरच्या सायकलीचं प्रकरण मी पुस्तिकेत सर्वांत आधी घेतलं आहे, आणि ते मुद्दाम.

आता गिअरच्या सायकलींकडे. वर सांगितलेला मीटरचा हिशेब, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते, हाच मी सगळीकडे वापरला आहे. इंचांपेक्षा तो समजायला सोपा आणि मोजपट्टीने ताडून पाहता येतो. रोड सायकलचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं. पुढे ५० आणि ३४ अशी दोन चक्रं, मागे ११ ते २८ दातांच्या चक्रांची कॅसेट हा आज दुकानांत सहज मिळणारा जोड. त्यात सर्वांत जड गिअर साडेनऊ मीटरचा आणि सर्वांत हलका अडीच मीटरचा. साडेनऊ मीटरच्या गिअरमध्ये मिनिटाला नव्वद फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पन्नासच्या वर जातो. सपाटीवर एकट्याने पन्नासने जाणारे आपल्यात कितीजण आहेत? हा गिअर उताराचा आहे, आणि आपल्या घाटांच्या उतारावर पायडल मारण्यापेक्षा ब्रेकवर बोटं ठेवणं शहाणपणाचं. म्हणजे ज्याची बढाई होते ते टोक आपल्या कामाचं नाही. कामाचं ते अडीच मीटरचं टोक, आणि तेच अपुरं.

अपुरं कसं, ते पाहू. नियमित सायकल चालवणारा, पण शर्यती न मारणारा पासष्ट किलोचा माणूस घ्या. सायकल, पाणी, पंक्चरचं सामान धरून सगळं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. असा माणूस तासभर एकसारखी साधारण १२० वॅट ताकद देऊ शकतो असं धरू. सहा टक्के चढावर त्याचा वेग येतो ताशी आठच्या किंचित वर. अडीच मीटरच्या गिअरमध्ये त्या वेगाला मिनिटाला पंचावन्नच्या आसपास फेऱ्या पडतात. पाय जड, श्वास हलका अशी ती अवस्था. पहिल्या दोन किलोमीटरांत चालून जाते, सातव्यात मांड्या भरून येतात. मागे २८ ऐवजी ३४ दात असते तर गिअर २.१ मीटरचा झाला असता आणि फेऱ्या पासष्ट. पुढे ३४ ऐवजी ३० चं चक्र असतं तर गिअर १.८५ मीटरचा आणि फेऱ्या चौऱ्याहत्तर. माणूस तोच, ताकद तीच, वेगही तोच. फरक एवढाच की घाट संपल्यावर पुढचे चाळीस किलोमीटर चालवायला पाय शिल्लक राहतात. जुन्या पद्धतीच्या शर्यती सायकली, पुढे ५३-३९ आणि मागे २५ पर्यंत, अजून कोणी हौसेने विकत घेतात. त्यांचा सर्वांत हलका गिअर सव्वातीन मीटरचा. त्यावर याच माणसाच्या फेऱ्या बेचाळीसवर येतात. अशी सायकल घेऊन चोर्ला घाटात जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो.

शिल्लक पायांची गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे, कारण आपल्या घाटांची एक खोड आहे. घाटाच्या पायथ्याशी राहणारा माणूस सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि परतताना उतरतो. बेळगावकर डोंगराच्या माथ्यावर राहतो. तो सकाळी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून केरीला जातो, साखळी गावात पोटभर खातो, आणि मग ऊन चढल्यावर, सकाळभर चालवलेल्या पायांनी, सहाशे-सातशे मीटरची ती उंची परत चढतो. आंबोलीचंही तसंच. शिनोळीवरून चंदगडच्या बाजूने आंबोलीला जाणारा रस्ता चढउतारांचा पण सुसह्य. खाली सावंतवाडीकडे उतरलात की परतीचा हिशेब सुरू होतो. निपाणीच्या बाजूलाही हाच प्रकार थोड्या प्रमाणात आहे. बेळगावहून महामार्गाने निपाणी म्हणजे पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, आणि एकूण उताराकडचा प्रवास. परत येताना निपाणी सोडल्या सोडल्या तवंदी घाट समोर, आणि संकेश्वर, हत्तरगी मागे टाकून शरीर थकल्यावर शेवटी वंटमुरीचा घाट. हे दोन्ही महामार्गाचे घाट फार खडे नाहीत, पण ट्रकांच्या रांगेशेजारी कडेने वर चढताना सायकल सरळ रेषेत राहायला हवी. फार जड गिअरमध्ये माणूस उभा राहून झोके घेत चढतो, सायकल डावी-उजवी होते. तवंदीला तो धोका पत्करण्यासारखा नाही.

म्हणून गिअर ठरवताना सकाळचे पाय मोजायचे नाहीत. दुपारी दोन वाजताचे, पाणी संपत आलेले, उन्हाने तापलेले पाय मोजायचे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटातल्या पहिल्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात, आणि तो मान मोठा आहे. पण त्या राजाच्या गिअरवरून रविवारी सकाळी निघणाऱ्या शिक्षकाने आपला गिअर ठरवू नये.

तिलारीचा घाट मात्र स्वतंत्र आहे. तिलारीनगरहून दोडामार्गाकडे उतरणारा हा रस्ता जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी झाला; वळणं अंगावर येणारी, आणि चढ काही ठिकाणी असा की गाडीवाल्यालाही पहिला गिअर टाकावा लागतो. दहा टक्के चढ धरला तर आपल्या १२० वॅटवाल्या माणसाचा वेग ताशी साडेपाचच्या आत येतो. मिनिटाला साठ फेऱ्या ठेवायच्या तर गिअर दीड मीटरचा हवा. रोड सायकलवर तो मिळणं अवघड. पुढे तीन चक्रं असलेल्या साध्या डोंगरी सायकलवर तो सहज मिळतो, पुढे २२ आणि मागे ३० दात असले की झालं. याच कारणाने स्वस्तातल्या डोंगरी सायकलींना नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या जड असतात, त्यांचे डेरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे भाग, पत्र्याचे असतात, पण २६ इंची चाक, पुढे २४ आणि मागे २८ दात म्हणजे पावणेदोन मीटरचा गिअर त्यांच्यात असतो. वैजनाथ-महिपाळगडच्या चढावर कॉलेजची पोरं त्या सायकलींवर बसून वर जाताना दिसतात, आणि चौपट किमतीच्या सायकलींचे मालक चालत.

सपाटीचा हिशेब वेगळा, आणि निपाणी-चिकोडीकडच्या वाचकाने तो दुर्लक्षू नये. तिथे चढ नाही, वारा आहे. वारा नसताना ताशी पंचवीसने जाणारा आपला तोच माणूस, समोरून ताशी पंधराचा वारा आला की साडेसतरावर येतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा असतो. सदलग्याहून निपाणीकडे येताना तो सबंध रस्ताभर तोंडावर. गिअर साडेतीन मीटर आणि सहा मीटर यांच्यामध्ये सारखा बदलत राहतो, आणि तिथे दोन गिअरमधलं अंतर किती आहे यावर सगळं सुख अवलंबून असतं. घाटासाठी घेतलेल्या आठ दातचक्रांच्या रुंद कॅसेटमध्ये १७ नंतर एकदम २० दात येतात. अठरा टक्क्यांची उडी. एक गिअर जड लागतो आणि दुसऱ्यात पाय रिकामे फिरतात. मागे १२ ते २५ अशी अरुंद कॅसेट असली तर पायऱ्या जवळजवळ पडतात आणि चार-पाच जणांच्या घोळक्यात एक लय धरता येते. सदलगा, एकसंबा, बेडकिहाळ याच पट्ट्यात ज्यांचं चालवणं आहे त्यांनी बेळगावकरांचं ऐकून ३४ दात लावून घेऊ नयेत. ज्यांना दोन्ही हवं, त्यांनी दहा-अकरा दातचक्रांची कॅसेट घ्यावी. खर्च वाढतो, पण पायऱ्याही जवळ राहतात आणि टोकही हलकं मिळतं.

हलका गिअर लावणं म्हणजे कमीपणा, ही समजूत जुनी आहे आणि ती फक्त आपलीच नाही. फ्रान्समध्ये सेंट-एतिएन गावचा पॉल द व्हिव्ही ‘व्हेलोसिओ’ या नावाने गिअर बदलणाऱ्या सायकलीचा आयुष्यभर पुरस्कार करत राहिला. १९३० मध्ये तो वारला तेव्हाही ‘टूर द फ्रान्स’मध्ये डेरेलरला मज्जाव होता. शर्यतीचे संचालक हेन्री देग्रांज यांना ती सोय पुरुषार्थाला कमीपणा आणणारी वाटे. शर्यतपटू घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचं चाक काढून उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला जास्त दातांचं चक्र असे. १९३७ मध्ये बंदी उठली आणि नंतर कोणी मागे वळून पाहिलं नाही. जे जगातल्या सर्वांत कणखर सायकलपटूंनी आनंदाने स्वीकारलं, त्याची लाज आपण कशाला बाळगायची?

शर्यतीच्या मुलांविषयी दोन शब्द. उत्तर कर्नाटक ही भारतीय सायकल शर्यतींची मोठी भूमी आहे. विजापूर, बागलकोट, जमखंडी या भागांनी आणि आपल्याच जिल्ह्यातल्या चंदरगीच्या क्रीडा शाळेने देशाला सायकलपटू दिले. या मुलांना गिअर शिकवायला माझी गरज नाही. त्यांचे प्रशिक्षक ते जाणतात. पण गावोगावी जत्रेच्या निमित्ताने होणाऱ्या शर्यतींत चौदा-पंधरा वर्षांची मुलं सर्वांत जड गिअर टाकून जिवाच्या आकांताने दाबताना दिसतात. त्यांच्या वडिलांना सांगायचं आहे की जागतिक सायकल महासंघानेसुद्धा ज्युनिअर गटासाठी पायडलच्या एका फेरीला ७.९३ मीटरची मर्यादा अनेक वर्षं ठेवली होती. वाढत्या वयात पाय झरझर फिरवायला शिकावं, जोर नंतर येतो, हा त्यामागचा विचार. ती मर्यादा आता उठली असली तरी विचार खोटा ठरलेला नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, यांत उतरणाऱ्यांचंही तसंच. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस तास मिळतात. थांबे धरून सरासरी ताशी पंधरा. ही परीक्षा वेगाची नाही, टिकण्याची आहे. कॅसेट बदलायला मन तयार होत नसेल, तर ताशी पंधराचा हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा.

पाऊस आपल्याकडे गिअरचा शत्रू आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कणकुंबीलाही तो काही कमी नाही, आणि जांभ्याची तांबडी माती चेनमध्ये शिरली की कानसीसारखी दात खाते. झिजलेल्या चेनने कॅसेट झिजते, म्हणून चेन वेळेवर बदलणं स्वस्त पडतं. जे रोज पावसात कामावर जातात त्यांनी मागच्या चाकाच्या तुंब्यातच गिअर असलेली सायकल मिळाली तर पाहावी. इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये स्टर्मे-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी तीन गिअरचा असा तुंबा काढला. त्यातला हलका गिअर मधल्याच्या तीन चतुर्थांश, जड एक-तृतीयांशाने जास्त. बेळगाव शहरातल्या चढउतारांना एवढं पुरतं, आणि चिखल आत जात नाही. बॅटरीच्या सायकलींना मी वेगळं प्रकरण दिलेलं नाही; बॅटरी संपल्यावर त्याही पायांनीच वर न्यायच्या असतात, आणि तेव्हा हाच हिशेब लागतो.

एक धोक्याची सूचना प्रस्तावनेतच करून ठेवतो, कारण तिच्यात पैसे वाया जातात. नुसती मोठी कॅसेट विकत आणून भागत नाही. मागच्या डेरेलरचा पिंजरा लहान असेल तर २८ किंवा ३० च्या पुढचे दात तो झेलत नाही. मध्यम लांबीचा डेरेलर लागतो, चेनही लांब लागते. पुढचं चक्र लहान करायचं तर क्रँकवरच्या बोल्टांचं वर्तुळ मोजावं. १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर ३८ दातांच्या खाली जाता येत नाही, ११० च्या वर्तुळावर ३४ सहज बसतात. हे विचारल्यावर जो दुकानदार मोजपट्टी काढतो, त्याच्याकडे काम द्यावं.

पुढची पानं वाचण्याआधी मात्र एक करा. सायकल अंगणात किंवा गल्लीत सपाट जागी आणा, सर्वांत हलका गिअर टाका, मागचं टायर जमिनीला टेकतं तिथे खडूने खूण करा. उजवं पायडल खाली ठेवा आणि सायकल हाताने मागे ढकलत ते पायडल पुन्हा खाली येईपर्यंत न्या, आणि मागच्या टायरखाली दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. तीन मीटरच्या आसपास आलं तर निपाणी-चिकोडीच्या सपाटीवर खुशाल फिरा. अडीच आलं तर तवंदी आणि वंटमुरी होतील. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट परत चढून यायचं असेल आणि आकडा दोनच्या वर असेल, तर निघण्याआधी कॅसेट बदलून घ्या.